आमच्या घरातली कागदाची पेटी

सुट्टी जवळ आली की गल्लीतल्या लेकी-सुना मला हमखास विचारतात, "काकू, पोरांना कागदाचं काय करायला द्यायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. येत्या महिन्या-दोन महिन्यांत घरात काय लागणार आहे ते आधी बघा. आकाशकंदील लागणार? पताका लागणार? संक्रांतीला तिळगूळ द्यायला डब्या हव्यात? मग तेच करायला घ्या आणि त्यातलंच काम पोरांच्या हातात द्या. नुसतं कपाटात ठेवायला केलेलं फूल चार दिवसांत धूळ खातं आणि पोरालाही त्याचं काही वाटेनासं होतं. पण आपण कातरलेल्या पताकांखाली गणपती बसला की तेच पोर घरी येणाऱ्या प्रत्येकाला हात धरून वर बघायला लावतं.

मी बेळगावात वडगावला राहते. हा भाग विणकरांचा, आमच्या घरीही मागच्या खोलीत यंत्रमाग आहेत. माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं. कागदकाम मला दोन्हीकडून मिळालं. माहेरी आई लगद्याच्या टोपल्या करायची आणि सासरी गल्लीत सणासुदीला पताका, मखर, कंदील घरोघरी व्हायचे. आज आमच्या घरात सहा वर्षांच्या नातवापासून ऐंशी ओलांडलेल्या मामंजींपर्यंत सगळे या कामात हात घालतात.

पलंगाखाली एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वर्षभर कागद साठतो. जुन्या लग्नपत्रिका, साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे, मिठाईच्या डब्यांची झाकणं, भेटवस्तूंवरचा चकचकीत कागद, कॅलेंडरची उलटून गेलेली पानं, सुताचे रिकामे कागदी कोन. विकत आणायचं ते थोडंच असतं. गणपत गल्ली किंवा खडेबाजारला बाजाराला गेलं की पतंगी कागद, घोटीव कागद, क्रेप आणि थोडं कार्डशीट घेऊन यायचं. कागद गुंडाळून ठेवायचा नाही, सपाट ठेवायचा. आमच्याकडं जूनपासून पाऊस लागला की सगळं सर्दावतं. गुंडाळलेला कागद एकदा दमट झाला की परत सरळ व्हायला मागत नाही. तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला घालते, कसर लागत नाही.

कागदाला उभं-आडवं असतं, कापडाला ताणा-बाणा असतो तसं. विणकराच्या घरातल्या पोरांना हे एकदा सांगितलं की पुरतं. वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. तेच आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. कारखान्यात कागद तयार होताना तंतू एका दिशेला जास्त पसरतात, त्याचा हा परिणाम. तंतूंच्या दिशेनं घडी घातली तर ती धारदार येते. विरुद्ध दिशेनं घातली तर घडीवर कागद तुटल्यासारखा होतो आणि कार्डशीट असेल तर ते पांढरं फुटतं. शुभेच्छापत्र करायच्या आधी कार्डशीट दोन्ही बाजूंनी हलकंसं वाकवून बघायचं. जिकडं कमी जोर लागतो तिकडं घडी.

आपण ज्याला झेरॉक्सचा कागद म्हणतो त्या ए-फोरचंही मला फार कौतुक वाटतं. २१० मिलिमीटर रुंद, २९७ लांब. मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, परत दुमडला तरी तेच. असे सोळा कागद शेजारी-शेजारी मांडले की एक चौरस मीटर भरतो. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक कागद पाच ग्रॅमचा भरतो. पोरांना हे तराजूवर करून दाखवावं. मोठ्या नातीला जीएसएम म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकाआधी कागदाच्या गठ्ठ्यावरून कळलं. माहेरच्या तालुक्याच्या पलीकडं हल्याळ आणि त्याच्यापुढं काळी नदीच्या काठी दांडेली. तिथली कागद गिरणी १९५५ साली स्थापन झाली. बांबूपासून कागद होतो हे माहेरच्या रानात बांबूची बेटं बघत वाढलेल्या मला लहानपणी मोठं नवल वाटायचं.

आता लगद्याच्या टोपलीकडं येते. माझ्या मते प्रत्येक घरानं एकदा तरी करावी अशी ही वस्तू आहे.

रद्दी घ्यायची ती साध्या वर्तमानपत्राची. गुळगुळीत पुरवण्या नकोत, त्या लवकर विरघळत नाहीत. कागद कात्रीनं कापायचा नाही, हातानं बारीक फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे होतात. हे काम तीन-चार वर्षांच्या मुलांचं. त्यांना फाडायला आवडतं आणि एरवी घरात कुणी फाडू देत नाही. फाडलेला कागद घमेल्यात बुडेल इतक्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवायचा. रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी शाईचं काळं पाणी निघतं, नंतर निवळत जातं. आई हा कागद उखळात कुटायची. मी मिक्सरला लावते, पण थोडा-थोडा आणि भरपूर पाणी घालून, नाहीतर मोटर तापते. मग फडक्यात बांधून पिळून काढायचा.

मेथी रात्रभर भिजत घालायची. किलोभर कोरड्या रद्दीला दोन मुठी मेथी मी घेते. सकाळी ती चिकट, बुळबुळीत वाटून लगद्यात मळायची. मेथीमुळं लगदा धरून राहतो आणि तिच्या कडूपणानं पुढं टोपलीला कीड लागत नाही. मळताना हाताला कळतं. आधी लगदा फुटतो, सुटतो, मग भाकरीच्या पिठासारखा एकजीव होतो. तिथं थांबायचं.

घागर किंवा पातेलं पालथं घालायचं आणि त्यावर ओलं फडकं घट्ट बसवायचं. फडक्याशिवाय थापलं तर टोपली भांड्यावरून सुटत नाही. आता पाण्याचा हात लावून बुडापासून खाली-खाली थापत यायचं. जाडी अर्ध्या बोटाची, सगळीकडं सारखी. वाटीच्या बुडानं घोटून घ्यायचं म्हणजे अंग गुळगुळीत येतं. पहिला दिवस सावलीत, नंतर उन्हात. एकदम कडक ऊन दाखवलं तर वरून सुकतं, आतून ओलं राहतं आणि चिरा पडतात. चीर पडलीच तर थोडा लगदा पातळ करून भरायचा. अर्धवट सुकल्यावर भांड्यावरून काढून उलटी ठेवायची, मग आतली बाजू सुकते. काठ कात्रीनं सारखा करायचा. गेरूत थोडी खळ मिसळून दोन हात द्यायचे आणि वर चुन्याची नक्षी. आई काडीला कापूस गुंडाळून ठिपके द्यायची, त्यांच्या ओळी सुतात असायच्या. या टोपल्यांत सांडगे, पापड, लसूण, कापूस, वाती असं कोरडं काहीही ठेवा. मेथीचा वास सुरुवातीला येतो, मग जातो. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या दुरडीची छिद्रं बुजवायलाही हाच लगदा चालतो. आतून-बाहेरून पातळ लिंपायचा. आईची तशी लिंपलेली दुरडी आजही माझ्याकडं आहे आणि वापरात आहे.

खळीचं थोडक्यात सांगते. एक भाग मैदा, पाच-सहा भाग पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत शिजवायचं. काचेसारखी झाक आली की उतरायची. चिमूटभर तुरटी घातली की दोन-चार दिवस टिकते. पूर्वी लोक मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतं, लहान मुलं बोटं तोंडात घालतात, म्हणून आमच्या घरात ते अजिबात येत नाही.

दिवाळीचा कंदील हे आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं काम. पारंपरिक कंदिलाला वीतभर लांबीच्या चोवीस कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन करायचे आणि ते एकमेकांना कोपऱ्यांत बांधायचे. एक चौकोन वर, एक खाली आणि मधले चार टोकावर उभे. चौकोन बांधले की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. पोरांना हा क्षण फार आवडतो. बांधणी मामंजींकडं. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण उभा जन्म मागावर तुटलेला धागा जोडण्यात गेला. विणकरी गाठ त्यांची बोटं न बघता मारतात आणि ती गाठ सुटत नाही. थोरली नात चौकोन मोजून पतंगी कागद कापते, कामटीवर दुमडायला बोटभर जास्त ठेवून. सूनबाई चिकटवते. धाकट्याला शेपट्यांच्या झिरमिळ्या कातरायला दिल्या आहेत, बोथट टोकाच्या कात्रीनं. त्या लहान-मोठ्या होतात, होऊ देत. वाऱ्यावर हलताना कोण मोजायला येतंय? वरचा चौकोन दिव्यासाठी मोकळा ठेवायचा. पूर्वी पिवळा बल्ब असायचा, तो तापायचा आणि कागद करपायची भीती असायची. आता एलईडी दिवा लावतो, तो तितका तापत नाही. तरी दिवा कागदाला टेकू द्यायचा नाही.

गेली काही वर्षं आमच्याकडं दुसराही एक कंदील होतो आणि तो आमच्या वडगावचा खास आहे असं मला मनापासून वाटतं. साडीच्या काठा-पदराची नक्षी विणायला मागावर जकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास आणलेली ही पद्धत. त्यात पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या असतात, भोकं पाडलेल्या, दोऱ्यानं एकीला एक ओवून माळ केलेल्या. एका पट्टीत एका आडव्या धाग्याचा हिशेब. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आणि या पुठ्ठ्यांच्या माळा माळ्यावर पडून राहिल्या. काही रद्दीतही गेल्या. आमच्याकडच्या मी जाऊ दिल्या नाहीत.

या पट्ट्या उभ्या लावून गोल नळकांडं करायचं, वर-खाली पुठ्ठ्याची कडी द्यायची आणि आतून पतंगी कागद लावायचा. दिवा लागला की शेकडो भोकांतून उजेड भिंतीवर पडतो. मामंजींनी एका पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे कोयरीच्या काठाचं हाय बघ." मला त्या भोकांत काही दिसत नव्हतं. नातीनं मग त्यांच्याकडून ओळ कशी वाचायची ते समजून घेतलं आणि आलेखाच्या कागदावर एकेक पट्टी उतरवत गेली. भोक तिथं रंगवलेला चौकोन, नसेल तिथं कोरा. खरंच, कोयरीचा बाक हळूहळू दिसायला लागला. ज्यांच्या घरी अशा पट्ट्या असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, रद्दीवाल्याला देऊ नका. निदान एक माळ तरी घरात राहू द्या.

संक्रांतीच्या डब्या एका संध्याकाळी होतात आणि त्यांना डिंकही लागत नाही. ए-फोरचा कोपरा दुमडून चौरस काढायचा. चौरस दोन्ही बाजूंनी मधोमध दुमडून उघडायचा, चारही कोपरे मध्यात आणायचे, मग समोरासमोरच्या बाजू मध्यरेषेला भिडवून घड्या पाडायच्या, दोन्ही दिशांनी. समोरासमोरचे दोन कोपरे उघडायचे, बाजू उभ्या करायच्या आणि उघडलेले कोपरे आत वळवून तळाशी दाबायचे. साडेसात सेंटिमीटरच्या आसपास लांबी-रुंदीची आणि त्याच्या निम्म्या उंचीची डबी होते. झाकण पूर्ण चौरसाचं करायचं आणि डबीचा चौरस अर्धा सेंटिमीटर कमी घ्यायचा, म्हणजे झाकण नेमकं बसतं. जपानी लोक मापाच्या लाकडी पेटीवरून हिला मासू म्हणतात. मूठभर हलवा हिच्यात सहज बसतो. हळदी-कुंकवाला आलेल्या बायका हलवा संपला तरी डबी टाकत नाहीत, बटणं-सुया ठेवतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती येते. त्याच्या आधी हट्टानं शिकवू नये, घडी कोपऱ्याला कोपरा न मिळवता पडली की डबी वाकडी होते आणि मूल हिरमुसतं. तोवर त्यानं पुडी करावी, पंखा करावा, होडी करावी.

शेजारी कन्नड अज्जी आहेत. ज्येष्ठाच्या अमावास्येला, मण्णेत्तिन अमावस्येला, त्या मातीचे बैल करतात. आमची पोरं त्यांच्याकडं बेगड घेऊन जातात. शिंगांना बेगड, पाठीवर घोटीव कागदाची झूल, गळ्यात कागदाच्या मण्यांची माळ. मणी करायची रीत अज्जींनीच शिकवली. रंगीत कागदाची लांब निमुळती पट्टी काडीवर रुंद बाजूनं गुंडाळत आणायची, टोकाला खळ. काडी ओढून काढली की मध्ये फुगीर, कडांना निमुळता मणी. त्या कन्नडमधून सांगतात, पोरं मराठीतून विचारतात, दोघांचं काम अडत नाही. "काय करालीस गे, जरा घट्ट गुंडाळ की," हे मात्र त्या मराठीतूनच म्हणतात.

शाळेच्या प्रकल्पांबद्दल मला बोलायचंय. एका शाळेतून चौथीतल्या पोराला उद्यापर्यंत 'थ्री-डी मॉडेल' आणायला सांगतात. मग रात्री आई दुकानं हिंडते, बाप पुठ्ठा कापतो आणि पोर झोपी गेलेलं असतं. सकाळी ते मॉडेल रिक्षातून जातं. त्याला चांगले गुणही पडतात. यात पोराच्या हाताला काय लागलं? वाकडी का होईना, पोरानं स्वतः केलेली वस्तू शाळेनं मागावी आणि आई-बापानंही तीच पाठवावी. वयाला न झेपणारं काम दिलं की मूल 'मला येत नाही' हे शिकून मोकळं होतं, आणि ते पुसायला वर्षं लागतात.

थर्माकोलचं मखर आता नको. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल आणि प्लास्टिकचे झेंडे देशभर बंद आहेत, आणि बंदी नसती तरी मी आणलं नसतं. भाद्रपदात आमच्याकडं हवा ओलसर असते, म्हणून कागदाच्या मखराला आतून खोक्यांच्या जाड पुठ्ठ्याचा सांगाडा करावा आणि पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असा तो कापावा. आडव्या आल्या की कमान वाकते. क्रेपची फुलं करताना सुरकुत्या पाकळीच्या लांबीला धरून कापा आणि मध्ये दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा, पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. गौरीच्या पाठीमागं मी अशीच शेवंती लावते.

पंधरा ऑगस्टच्या कागदी झेंड्यांचं वेगळं आहे. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रीय आणि सांस्कृतिक प्रसंगी कागदी तिरंगा हातात धरता येतो, पण कार्यक्रम झाल्यावर तो जमिनीवर टाकायचा नाही, खासगीत, मान राखून त्याची विल्हेवाट लावायची. आमची पोरं संध्याकाळी गल्लीतून फिरून पडलेले झेंडे गोळा करून आणतात. हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही आता.

बाकी उतरवलेल्या पताका, फाटलेल्या झिरमिळ्या, कातरणं असं सगळं वेगळ्या पिशवीत जातं आणि उन्हाळ्यात लगद्याला येतं. फक्त पतंगी कागद वर्तमानपत्राबरोबर भिजवू नका, त्याचा रंग सुटतो. मी गुलाबी आणि लाल तेवढा निवडून वेगळ्या घमेल्यात घालते. त्याची टोपली फिकट गुलाबीच निघते, तिला गेरू लावावा लागत नाही.